शर्यतीच्या पद्मिनी धावत्या ठेवण्यासाठी: सुटे भाग, मशीनचे तास आणि वर्गणीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

मुंबईतल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. तिची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली आणि काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. हळहळ सगळ्यांनीच व्यक्त केली. पण तिच्या पाठोपाठ सुट्या भागांचा बाजारही बंद होतो आहे, आणि जुन्या गाड्या शर्यतीत पळवणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या मंडळाची खरी अडचण तिथे आहे. किंगपिन, व्हील सिलिंडर, हेड गॅस्केट, पाटे हा सगळा माल टॅक्सीच्या खपावर बनत होता. खप थांबला तसे बनवणारे थांबले. दुकानांच्या माळ्यावर उरलेला माल आता किलोच्या भावाने भंगारात चालला आहे. तो वितळायच्या आत हाती यावा, म्हणून हे आवाहन.

लग्नाच्या वरातीला किंवा प्रदर्शनाला नेल्या जाणाऱ्या गाडीला एक ब्रेक लायनर वर्षानुवर्षे पुरतो. शर्यतीच्या गाडीचा एका शनिवार-रविवारात संपतो. म्हणून या टंचाईचा पहिला फटका जुन्या सलून (बंद टपाच्या प्रवासी) गाड्या ट्रॅकवर पळवणाऱ्यांना बसतो आहे.

या गाड्यांना शर्यतीचा इतिहास आहे, तो आता फार थोड्यांना ठाऊक असतो. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती. तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने दशकानुदशके शर्यती भरवल्या, आणि १९९० मध्ये मद्रासजवळच इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुरू होईपर्यंत देशातल्या मोटार शर्यतींचे मुख्य ठिकाण तेच होते. विदेशी बनावटीच्या गाड्या मोजक्यांकडे होत्या. बाकीचे फियाट ११००, स्टँडर्ड हेरल्ड, अ‍ॅम्बॅसडर घेऊन उतरत. फियाट आणि नंतरची पद्मिनी बनत होती ती आपल्या कुर्ल्यात, वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात. इंग्लंडमध्ये सलून गाड्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५८ ला सुरू झाली. त्या काळच्या गाड्या आजही तिथल्या गुडवुड ट्रॅकवरच्या सेंट मेरीज ट्रॉफी या शर्यतीत एका वर्षी पन्नाशीच्या, पुढच्या वर्षी साठीच्या दशकातल्या अशा पाळीने धावतात. तिथे हे शक्य होते कारण छोटे कारखाने, निवृत्त फिटर आणि वर्गणीदार मिळून सुटे भाग बनवत राहतात. तेवढी माणसे आपल्याकडेही आहेत, फक्त ती एकमेकांना माहीत नाहीत.

मंडळाकडे आज तीन गाड्या आहेत: एक फियाट ११०० डिलाइट आणि दोन पद्मिनी. तिन्हींचे इंजिन एकाच घराण्यातले, ६८ मि.मी. बोअर, ७५ मि.मी. स्ट्रोक, १०८९ सीसी, पुशरॉडचे, तीन मेन बेअरिंगवर फिरणाऱ्या क्रँकचे. काय हवे आणि का हवे, ते आता सविस्तर सांगतो. नुसते ‘पार्ट द्या’ म्हटले की लोक निकामी झालेला मालही मोठ्या मनाने पाठवतात, आणि वाहतुकीचा खर्च वाया जातो.

सर्वांत मोठी गरज सिलिंडर हेडची आहे. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे. इंजिन तापले की दोन्ही धातू वेगवेगळे पसरतात आणि हेड वाकते. टॅक्सीवाल्यांनी दर वेळी फेसिंग मारून, म्हणजे हेडचे तोंड घासून सपाट करून, काम भागवले, त्यात गैर काही नव्हते, पण प्रत्येक फेसिंगला ज्वलनकक्ष थोडा लहान होत गेला. हिशोब असा: एका सिलिंडरचे विस्थापन सुमारे २७२ सीसी. ८.५ चे कॉम्प्रेशन हवे असेल तर पिस्टन वर असताना गॅस्केटच्या जाडीसह एकूण जागा ३६ सीसी लागते. ती ३२ झाली की कॉम्प्रेशन ९.५ वर जाते. शर्यतीत पूर्ण थ्रॉटलवर असे इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनचा माथा किंवा गॅस्केट जाते. म्हणून हेड देणाऱ्यांनी एवढी तपासणी कृपया घरीच करावी: सरळ पट्टी हेडच्या तोंडावर लांबीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवायची, ०.०५ मि.मी.ची फीलर पट्टी खाली सहज सरकली तर तसे नगाला बांधलेल्या पत्र्याच्या पट्टीवर लिहायचे. कक्ष किती सीसीचा आहे हे आम्ही ब्युरेटने मोजू. हेड सीएनजीवर चाललेले असेल तर तेही लिहा. कोरड्या इंधनात व्हॉल्व्ह सीट लवकर झिजून खाली बसतात, त्यामुळे नव्या कडक सीट घालायच्या की नाही हे आम्हाला आधीच ठरवता येते. वाकलेले हेड चालेल. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तडा गेलेले नको.

क्रँक कुठल्याही मापाचा चालेल, फक्त जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) आधी घासलेले असतील तर किती ते कळवावे. बेअरिंग शेलचे न उघडलेले संच ०.२५४ आणि ०.५०८ मि.मी. अंडरसाइझचे मिळाले तर सोने. तीनच मेन बेअरिंग असल्यामुळे जास्त फेऱ्यांवर क्रँक मधोमध लवतो आणि पहिला बळी मधल्या बेअरिंगचा जातो. त्यात लांब वळणावर ऑइल चेंबरमधले तेल एका बाजूला सरकून पंप हवा ओढतो. एवढ्याशा अवधीत शेल पुसून निघते. यावर उपाय स्वस्त आहे. चेंबरमध्ये पंपाच्या जाळीभोवती पत्र्याचे आडवे-उभे पडदे आणि एकाच दिशेने उघडणारी दोन झडपी दारे जोडायची. त्यासाठी चार जुने चेंबर हवेत. ठोकर लागून चेपलेले असले तरी चालतील, कारण तळ कापायचाच आहे.

मागच्या अ‍ॅक्सलचे शाफ्ट वापरलेले घेणार नाही, कोणी कितीही प्रेमाने दिले तरी. बेअरिंगजवळच्या खांद्यात थकव्याची बारीक चीर असते, ती डोळ्यांना दिसत नाही. आजचे टायर जुन्या ५.२०-१४ क्रॉसप्लायपेक्षा रस्ता जास्त घट्ट पकडतात, म्हणून तो ताण पुढे शाफ्टवर येतो. शाफ्ट तुटला तर चाक ड्रमसकट बाहेर पडते. इथे तडजोड नाही. ईएन २४ या मजबूत मिश्र पोलादाच्या सळईतून सहा शाफ्ट नवे बनवायचे आहेत: खांद्याला आतली गोलाई मोठी, उष्णतोपचारानंतर कडकपणा २८ ते ३२ एचआरसी (रॉकवेल माप), आणि शेवटी मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी, म्हणजे चुंबक आणि लोखंडी भुकटीने बारीक चीर शोधणे. पुढच्या स्टब अ‍ॅक्सलचीही हीच तपासणी दर मोसमाआधी लागते. ज्यांच्या कारखान्यात हे यंत्र आहे त्यांनी वर्षातून एक दुपार दिली तरी तिन्ही गाड्यांचे काम होते.

आता ब्रेक ड्रम. कोल्हापूरकरांकडे सर्वांत जास्त हक्काने मागायची गोष्ट हीच. चारही चाकांना ड्रम, हायड्रॉलिक सर्किट एकच. ड्रम तापून फुगला की पेडल लांब जाते, आणि ड्रम जितका पातळ तितका तो लवकर तापतो. बाजारात मिळणारे जुने ड्रम लेथवर इतक्या वेळा टर्न केलेले असतात की उष्णता धरायला धातूच उरलेला नसतो. म्हणून नवेच ओतायचे आहेत: आयएस २१० या भारतीय मानकाप्रमाणे एफजी २६० प्रतीचे बीड, एका ओतीत २४ नग. लाकडी पॅटर्नसाठी न झिजलेला एक नमुना ड्रम आमच्याकडे आहे. आकुंचनासाठी दर १०० मि.मी.ला १ मि.मी. आणि मशिनिंगसाठी सगळीकडे ३ मि.मी. धरावे लागेल. बाहेरून थंडाव्याच्या पट्ट्या घालण्याचा मोह टाळायचा आहे, कारण मूळ ड्रमला त्या नव्हत्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या कारखानदारांना विनंती की खंडेनवमीच्या पूजेनंतर नव्या कामांची यादी कराल तेव्हा यातले एक काम उचला: पॅटर्न, ओतकाम, टर्निंग किंवा बॅलन्सिंग. चौघांनी चार वाटून घेतले तर कोणावरच भार पडत नाही.

रबराच्या बाबतीत जुना साठा नकोच. पाकीटबंद असला तरी वीस वर्षांपूर्वीचा व्हील सिलिंडरचा वॉशर पहिल्याच गरम ब्रेकला गळतो. पेट्रोल पंपाचे डायफ्रॅम आणि होज यांचीही तीच गत, वर आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते जुने रबर फुगवते, हवेतली ओल ओढते आणि सोलेक्स कार्बोरेटरच्या जस्ती ओतीवर पांढरी भुकटी जमवते. त्यासाठी एसएई जे३० आर९ दर्जाचा नवा होज २० मीटर लागेल. ब्रेक फ्लुइड डॉट ४, दर शर्यतीआधी पूर्ण बदलायचे. कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. सीलबंद अर्ध्या लिटरचे बारा डबे वर्षाला पुरतात. आधी उघडलेला डबा देऊ नये.

वर्गणीतला मोठा वाटा सुरक्षेवर जाणार आहे. प्रत्येक गाडीला रोलकेज (गाडी उलटली तरी चालक वाचावा म्हणून आत बसवलेला नळ्यांचा पिंजरा), बकेट सीट, सहा टोकांचा पट्टा, बॅटरी कट-ऑफ आणि आग विझवण्याची यंत्रणा लागते. पद्मिनीची पेट्रोल टाकी डिकीत असल्यामुळे मागच्या सीटच्या जागी पत्र्याची पूर्ण बंद भिंत उभारावी लागते. तिचे एक भोक उघडे राहिले तरी तपासनीस गाडी परत पाठवतो, आणि ते बरोबरच आहे. पट्ट्याच्या लेबलवर शेवटचे वर्ष छापलेले असते, ते उलटले की पट्टा नवा दिसत असला तरी बाद. वापरलेले पट्टे आणि हेल्मेट आम्ही स्वीकारत नाही.

ट्रेलर कशाला, गाडी चालवत का नेत नाही, असे बरेच जण विचारतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नसले तरच. रोलकेज जोडलेली गाडी त्यात बसत नाही. तेव्हा शर्यतीची गाडी ट्रेलरवरच न्यायची. कोल्हापूरहून इरुंगट्टुकोट्टई सुमारे नऊशे किलोमीटर, आणि सगळा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८ चाच. चेन्नईकडे माल घेऊन जाणाऱ्या वाहतूकदारांनी रिकाम्या फेरीत एक गाडी नेली-आणली तर आमचा मोठा खर्च वाचेल.

कागदपत्रांची मदत पैशाइतकीच मोलाची आहे. जुन्या गाड्यांच्या शर्यतींचा आंतरराष्ट्रीय नियमसंच, म्हणजे एफआयए या जागतिक मोटार महासंघाचे परिशिष्ट के, असे मानतो की एखादा बदल त्या मॉडेलवर त्या काळी झाला होता याचा पुरावा हवा, नाहीतर गाडी मूळ रूपातच ठेवावी. भारतीय फियाटबद्दल असा पुरावा घरोघरच्या अल्बममध्ये पडून आहे. शोलावरमचे फोटो, कार्यक्रमपत्रिका, तपासणीच्या चिठ्ठ्या, गॅरेजची बिले असतील तर पाहा. बॉनेट उघडे असलेला फोटो विशेष उपयोगाचा, त्यात कार्बोरेटर किती आणि कुठला ते दिसते. मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा. दोन्ही बाजूंचे ६०० डीपीआयचे स्कॅन पाठवा आणि मागे हाताने लिहिलेला मजकूर कापू नका.

माणसेही हवीत. झेंड्याच्या एका ठाण्यावर दोघे लागतात: एक येणाऱ्या गाड्यांकडे पाहतो, दुसरा त्याच्या पाठीकडून ट्रॅकच्या पुढच्या भागावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो. पिवळा म्हणजे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे शर्यत थांबली. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. हे सगळे एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकवतो. वय १८ पूर्ण हवे, कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे, पायात चामड्याचे बूट. नायलॉन आगीत अंगाला चिकटते, म्हणून ते चालत नाही. गाड्यांतले काही कळत नसले तरी चालेल.

वर्गणी १,००० रुपयांपासून पुढे कितीही. चेक किंवा ऑनलाइन, फक्त मंडळाच्या नावच्या खात्यात. पावती त्याच आठवड्यात. रोख घेत नाही. मंडळाकडे ८०जी प्रमाणपत्र नाही, त्यामुळे करसवलत मिळणार नाही हे आधीच स्पष्ट करतो. परदेशातल्या मराठी बांधवांसाठी: भारतीय पासपोर्ट असलेले अनिवासी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून, ओसीआय कार्ड असले तरी, एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय पैसे वा वस्तू घेता येत नाहीत. त्यांनी इटली-इंग्लंडमध्ये फियाट ११००-१०३ चे गॅस्केट आणि शेल बनवणाऱ्यांची माहिती व भाग क्रमांक कळवले तर खरेदी आम्ही करू.

सामान पाठवताना प्रत्येक नगाला तारेने पत्र्याची पट्टी बांधा. कागदी चिठ्ठी तेलात विरघळते. पट्टीवर गाडीचे वर्ष, भाग कुठून काढला, आणि माहीत असलेला दोष लिहा. मशीन केलेल्या तोंडांना ग्रीस लावून वर प्लॅस्टिक गुंडाळा. हेड गॅस्केट दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, गुंडाळी करू नका. वाकले की त्याची कड सुटते. वीस किलोंवरचे सामान असेल तर पाठवण्याआधी कळवा, कोल्हापूर, पुणे आणि मुंबईतून उचलण्याची सोय आम्ही करू. ड्रमच्या ओतीसाठी नावे दिवाळीपर्यंत हवीत, बाकी मदत वर्षभर केव्हाही.

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, कोल्हापूर