टेबल घेतेयस ना, मग आधी हे वाच

प्रिय अशू,

परवा फोनवर म्हणालीस, टेबल कुठून घेतलंस त्याची लिंक पाठव. मी मुद्दामच पाठवली नाही. माझं घर ठाण्यात सातव्या मजल्यावर, तुझं चिपळूणला नदीच्या एवढं जवळ, माझं टेबल जसंच्या तसं तुझ्याकडे चालेलच असं नाही. म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलचक होणार आहे, निवांत वाच.

आधी एक सांगते, तू वरच्या खोलीत ऑफिस करतेयस हे ऐकून मला फार बरं वाटलं. २०२१ च्या जुलैत २२ तारखेला वाशिष्ठीचं पाणी तुमच्या खालच्या घरात शिरलं आणि तुझा प्रिंटर, फायली, लोकांची जुनी बिलं सगळं गेलं, तेव्हापासून तू पलंगावर बसून मांडीवर लॅपटॉप घेऊन लोकांची जीएसटी रिटर्न्स भरतेयस. व्हिडिओ कॉलवर तुझी मान बघते ना मी, मला खरंच त्रास होतो ते बघून. तुला स्वतःचं टेबल हवंच आणि ते चांगलं हवं.

आता तुमचा जिना. त्या अरुंद जिन्यावरून चार फुटी टेबल अख्खं वर जाणार नाही हे तूच म्हणालीस, त्यामुळे सुटे भाग येऊन वर जोडायचं फ्लॅट-पॅकच हवं, ते ठरलंच. पण फ्लॅट-पॅक म्हटलं की दुकानात पहिलं दाखवतात ते पार्टिकल बोर्डाचं, वर छान लाकडी रेषांचा कागद किंवा लॅमिनेट लावलेलं, किंमत कमी, फोटोत झकास. ते तू घेऊ नकोस. पूर ओसरल्यावर आपण चिखल काढत होतो तेव्हा तुमच्या हॉलमधलं ते कपाट आठव. दारं फुगून दुप्पट जाड झालेली, हात लावला की भुसा पडत होता, आणि त्याच खोलीतलं तुझ्या आजोबांचं सागवानी टेबल आपण धुतलं, सावलीत वाळवलं, एक पाय थोडा हलत होता तो सुताराने बसवून दिला आणि ते अजून उभं आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाच्या बारीक कपच्या चिकट रेझिनमध्ये दाबून केलेली फळी. कडेची पट्टी कुठे निघाली किंवा स्क्रूच्या भोकातून पाणी आत गेलं की कपच्या फुगतात आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाहीत, मग त्यात स्क्रू धरत नाही. मुंबई-पुण्याच्या कोरड्या बंद खोलीत ते वर्षानुवर्षं टिकतं, मी त्याला वाईट म्हणत नाही, पण कोकणात चार महिने भिंतींना ओल येते तिथे कशाला. वरच्या खोलीत पुराचं पाणी नाही येणार, पण कौलातून येणारी गळती आहेच की.

मी स्वतः तुर्भ्याच्या आयकियात जाऊन आले, ते २०२० च्या डिसेंबरात सुरू झालं ना, तेव्हापासून जायचं होतं. तिथे एक गोष्ट छान आहे, सगळी टेबलं जोडून ठेवलेली असतात, बसून बघता येतं, खालून वाकून बघता येतं, आणि मी बघितलंच, लोक बघत होते तरी. त्यांचे काही हलके टेबलटॉप आतून भरीव नसतात, कडेला लाकडी चौकट आणि मध्ये मधाच्या पोळ्यासारखी कागदाची जाळी, त्यामुळे ते उचलायला हलके आणि स्वस्त पडतात. पण मला कडेला मॉनिटरचा क्लॅम्प लावायचा होता, खाली स्क्रू मारून एक्सटेन्शन बोर्ड बसवायचा होता, त्याला भरीव लाकूडच बरं. म्हणून शेवटी ऑनलाइन जोधपूरच्या एका बनवणाऱ्याकडून शिसमचं घेतलं. तिकडे लाकडी फर्निचरचा केवढा मोठा धंदा आहे, आणि बरेच जण मापात बदल करून देतात. माझं १२० बाय ६० सेंटीमीटरचं आहे, साधं, चार पाय, चार आडव्या पट्ट्या आणि वर एक जाड फळी.

तुला माहितीये, ही सुटे भाग करून पाठवायची कल्पना आपल्याला नवीन वाटते पण मुंबईत फोर्टात सीएची आर्टिकलशिप करताना आपण ज्या इराण्याकडे बनमस्का खायचो, तिथल्या त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आठवतात? त्या पद्धतीची सगळ्यात गाजलेली खुर्ची व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटने १८५९ मध्ये काढली, चौदा नंबरची खुर्ची म्हणतात तिला. लाकडाचे ६ तुकडे, १० स्क्रू, २ नट, आणि एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावायच्या. बोटीने जगभर गेल्या त्या. वाचून मला इतका आनंद झाला होता, की तुला सांगायचंच होतं, आता निमित्त मिळालं. बोल्टने जोडलेलं म्हणजे तकलादू, असं तुझे बाबा म्हणतील ना, तेव्हा त्यांना हे सांग.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उंची. बाजारातलं जवळजवळ प्रत्येक टेबल ७५ सेंटीमीटरच्या आसपास असतं, म्हणजे अडीच फूट, आणि आपण दोघी पाच फूट एक इंच. त्या टेबलावर टाइप करायचं तर खांदे वर उचलून बसावं लागतं आणि दिवसभर तसं बसलं की संध्याकाळी मानेपासून कोपरापर्यंत ठणकतं, आणि आपल्याला वाटतं की वय झालं. वय नाही झालेलं गं, टेबल उंच आहे. तर टेबल बघायच्या आधी स्वतःचं माप घे. ज्या खुर्चीवर बसणार आहेस तिच्यावर सरळ बस, खांदे सैल सोड, कोपर काटकोनात वाकव, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत कुणाला तरी टेप धरायला सांग. माझी खुर्ची ४६ सेंटीमीटर उंच आणि कोपर ६८ वर येत होतं. म्हणून मी ऑर्डर देतानाच उंची ६९ सांगितली. त्यांनी पाय कापून आणि टोकं पॉलिश करून पाठवले, जास्तीचे पैसे अगदी थोडे लागले. भरीव लाकडाचा हा मोठा फायदा, रेडीमेड घेतलंस तरी तिथला कुठलाही सुतार करवतीने चारही पाय सारखे कापून देईल, लोखंडी पायांचं तेवढं सोपं नाही.

पण उंची कमी केली की खाली मांड्यांना जागा कमी होते, हे विसरायचं नाही. माझ्या टेबलाची फळी अडीच सेंटीमीटर, तिच्याखालची पट्टी आठ, म्हणजे जमिनीपासून पट्टीपर्यंत साडेअठ्ठावन्न उरले, खुर्ची ४६, मध्ये बारा-साडेबारा सेंटीमीटर. तेवढं पुरतं. तिथे ड्रॉवर असता तर मांड्या शिरल्याच नसत्या. त्यामुळे ड्रॉवरवालं कितीही आवडलं तरी नको, फायलींसाठी बाजूला वेगळं छोटं कपाट कर. आणि पावसाळ्यात ड्रॉवर फुगून अडकतात ते वेगळंच.

ऑर्डर करायच्या आधी विकणाऱ्याला तीन-चार गोष्टी विचार, फोनवरच विचार, आणि मग व्हॉट्सॲपवर लिहून घे. एक म्हणजे फळीला खालच्या बाजूनेही पॉलिश किंवा सीलर मारणार का. बरेच जण वरून चकाचक करतात आणि खाली कोरं सोडतात, मग दमट हवेत एका बाजूने ओल शोषली जाते आणि फळी वाकते. कोकणात याला पर्यायच नाही. पायांच्या तळालाही पॉलिश हवं आणि खाली नायलॉनची किंवा रबराची बुटं हवीत, फरशी पुसताना पाणी तिथूनच वर चढतं. मग लाकडात पांढरा भाग किती आहे ते विचार, फोटो माग. शिसमचा आतला तपकिरी भाग कीड-वाळवीला चांगला टक्कर देतो, पण बाहेरचा पांढरट भाग किडा पहिला धरतो. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळेल, दिसायलाही सुंदर असतं, पण त्याला कीड लवकर लागते, तुझ्याकडे मला ते नको वाटतं.

आता जोडणी. माझ्याकडे दोन बॉक्स आले, फळीचा एक इतका जड की वॉचमनकाकांनी आणि डिलिव्हरीच्या मुलाने मिळून लिफ्टमध्ये चढवला. तुमच्या जिन्यावरून फळी उभी धरून न्या, आडवी वळणावर अडकेल. हॉलमध्ये सतरंजी टाकली, फळी तिच्यावर पालथी ठेवली, आणि सगळं हार्डवेअर स्वयंपाकघरातल्या वाट्यांमध्ये वेगवेगळं काढलं, बोल्ट एका वाटीत, वॉशर एका, स्प्रिंग वॉशर एका. लेक चित्रांचा कागद घेऊन बसली आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, काटकोन बघायचा गुण्या आणि टेप घेऊन आले. ते गिरणीत होते ना फिटर, त्यांच्या हातात एलन की, म्हणजे बोल्ट आवळायची ती सहाकोनी वाकडी चावी, दिल्यावर त्यांचा चेहरा जो फुलला, अशू, मला त्या दिवसातली तीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

मोजताना एक बोल्ट कमी निघाला. विकणाऱ्याला फोटो पाठवला, ते कुरिअर करतो म्हणाले आणि केलंही, पण बाबांना थांबवेना, ते पेटीतला एक बोल्ट नमुना म्हणून घेऊन खाली हार्डवेअरच्या दुकानात गेले, त्याने बघताक्षणी सांगितलं, हा सहा एमएमचा, लांबी पन्नास, किरकोळ पैशात मिळाला. म्हणून सांगते, जोडायला बसायच्या आधी मोज, दुकानं उघडी असताना मोज.

बाबांनी मला जे शिकवलं ते तुला जसंच्या तसं सांगते. कुठलाच बोल्ट पहिल्यांदा पूर्ण आवळायचा नाही. सगळे बोटांनी फिरवून नुसते पकडतील इतपत घालायचे, चारही पाय, चारही पट्ट्या, सगळं जागेवर आलं की मग टेपने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे भरले म्हणजे कोपरे काटकोनात आहेत, एक जास्त भरला तर त्या दिशेने हलकं दाबायचं आणि परत मोजायचं. मग आवळायला सुरुवात, एक कोपरा थोडा, मग समोरचा तिरका कोपरा थोडा, असं फिरत फिरत. एक पाय आधी गच्च करून टाकला तर शेवटच्या पायाचं भोक जुळत नाही आणि लोक म्हणतात माल खराब आला. आणि ड्रिल मशीन लावायचं नाही, हातानेच, लाकडात बसवलेल्या पितळी आट्या, म्हणजे बोल्ट धरणारे इन्सर्ट, मशीनच्या जोराने एका झटक्यात निघून येतात.

चौकट फळीला जोडायची ती भोकं गोल नसतात, लांबट असतात, बघ तू. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, लांबीला जवळजवळ काहीच होत नाही, तर त्या फुगण्याला सरकायला वाव मिळावा म्हणून ती लांबट ठेवतात. तिथले स्क्रू घट्ट हवेत पण जीव काढून आवळलेले नकोत, नाहीतर फळीला जागा मिळत नाही आणि ती मधूनच तडकते. लांबट भोकं नसतील तर सुताराकडून करून घे, पाच मिनिटांचं काम आहे.

टेबल उलटं करताना पायांवर टेकवून उभं करू नका, सगळं वजन एका जोडावर येतं. दोघांनी दोन बाजूंनी पूर्ण उचलायचं, हवेत फिरवायचं आणि चारही पाय एकदम टेकवायचे. एखादा पाय डुगडुगला तर आधी टेबल जागा बदलून बघ, तुमच्याकडे फरशीच वर-खाली आहे. आणि मग एखाद महिन्याने सगळे बोल्ट एकदा परत आवळ, पावसाळा संपल्यावर परत एकदा. एलन की टेबलाच्याच पट्टीला आतून चिकटवून ठेव, ती हमखास हरवते.

आता मला मनापासून वाटतं ते सांगू? ऑनलाइन बघायच्या आधी आजोबांचं टेबल ज्याने बसवून दिलं त्या सुताराला घरी बोलव. तुमच्या माळ्यावर जुन्या दारांच्या सागवानी फळ्या पडल्यात ना, इतकी वर्षं वाळलेलं, मुरलेलं सागवान आज पैसे देऊन मिळत नाही. त्याला सांग की नेहमीसारखं खाच-कुसूचं, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत कायमचं बसवलेलं, पक्कं टेबल नको, पाय बोल्टने सुटे होणारे हवेत, म्हणजे जिन्यावरून वर जाईल आणि उद्या घर बदललंस तरी बरोबर येईल. बोल्ट आणि पितळी इन्सर्ट मी इथून पाठवते, मापं मी लिहून देते. त्याने नाही म्हटलं किंवा मजुरी फारच सांगितली तर मग शिसमचं मागवू, मी त्या लोकांशी बोलीन. पण आधी त्याला विचार.

ठेवायचं कुठे ते तूच ठरव, फक्त खिडकी डाव्या-उजव्या बाजूला येऊ दे, पाठीमागे आली की स्क्रीनवर उजेड पडतो. इन्व्हर्टरचा पॉइंट जवळ घे.

मापं घेऊन रविवारपर्यंत पाठव, खुर्चीची उंची, जमिनीपासून कोपर, आणि जिन्याच्या वळणाची रुंदी. आईंना नमस्कार सांग.

तुझी,
मीनल

ता.क. ४६ सेंटीमीटरच्या खुर्चीवर बसलं की आपले पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, त्यासाठी फूटरेस्ट विकत घेऊ नकोस. मी जेवणाचा जुना पाट खाली ठेवलाय, अगदी बरोबर उंची येते. तुमच्याकडे तर फणसाचे आहेत.