अर्धाच मार्क्स

लालबाग,
रविवार, रात्री

प्रिय सुध्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. किमान वेतन म्हणजे मलमपट्टी, मजुरीची पद्धतच मोडली पाहिजे, असं लिहिलंस.

मुद्दा खोटा नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतनाचं माप ठरवलं, ते बघ. कमावत्यासकट तीन मोठ्या माणसांचं खाणं धरायचं, माणशी २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, जळणदिवाबत्ती. म्हणजे गडी उद्या भोंग्याला हजर व्हावा आणि पोरगं पुढे बदली कामगार म्हणून लागावं, एवढा चारा! मार्क्स श्रमशक्तीची किंमत म्हणतो ती हीच, परिषदेनं वारात मोजली इतकंच. आमचे आप्पा गिरणीत साच्यावर कापड विणायचे. ७२ वार त्यांच्या हाताखालून किती थोडक्या पाळ्यांत उतरत असतील, हा हिशेब त्या मापात कुठेच नाही.

पण गड्या, तू अर्धाच मार्क्स सांगतोस. जून १८६५, लंडन. वेस्टन नावाचा सुतार, आपल्यातलाच, इंटरनॅशनलच्या, म्हणजे देशोदेशींच्या कामगारांच्या संघटनेच्या, जनरल कौन्सिलपुढे म्हणाला की पगारवाढीत काही राम नाही, भाव चढतात न् सगळं पाण्यात. मार्क्स उभा राहिला तो त्याला खोडायला. निशाणावर ‘मजुरी पद्धत रद्द’ लिहा हे त्यानं शेवटी सांगितलं, खरंय. त्याच्या जरा आधी काय म्हणाला? रोजच्या झुंजीतून भिऊन माघार घेणारे मोठी चळवळ उभी करायला नालायक ठरतील. हे तू गाळलंस. (मुद्दाम, मला माहीत आहे.)

१८ जानेवारी १९८२ ला, गिरणी संपात, आप्पा बाहेर पडले ते पगारासाठीच. पण आपली युनियन आपण निवडू, हेही त्याच संपात होतं.

आता आमच्या सोसायटीचा वॉचमन. बारा तासांची पाळी. ठेकेदार सही एका आकड्यावर घेतो, हातात ठेवतो दुसराच. परवा मी उत्साहानं तुझं पत्र त्याला समजावत बसलो. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काका, पण किमान म्हणजे नक्की किती?”

मला सांगता येईना! कुशल, अर्धकुशल, परिमंडळ, वर विशेष भत्ता... दुसऱ्या दिवशी शोधून कागदावर लिहून दिलं. तो कागद आता शेजारच्या तीन इमारती फिरून आलाय. मंगळवारी रात्री आठला सगळे आमच्या जिन्याखाली जमतायत.

ये. भांडण तिथेच पुरं करू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या