कृषिमंत्र्यांना खुले पत्र : आम्हाला मेलेली बुरशी का दिली?

मा. कृषिमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी नागपूर जिल्ह्यातला संत्र्याचा कास्तकार. बागेत डिंक्या शिरलाय. खोडांतून डिंक गळतो, मुळ्या सडतात. मृगाआधी चांगला ट्रायकोडर्मा, म्हणजे या रोगाशी लढणारी उपयोगी बुरशी, देऊ, असा तुमच्या खात्याकडून शब्द मिळाला होता. हाती आलं ते मे महिनाभर पत्र्याच्या गोदामात तापलेलं पाकीट, मुदतीच्या तारखेवर नवी चिठ्ठी डकवलेलं. ओल्या शेणखतात मिसळून सावलीत ठेवलं. आठवड्याभरात त्यावर हिरवी बुरशी चढायला हवी होती. काहीच चढलं नाही.

साहेब, ही जिवंत बुरशी आहे. ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणू हवेत, हा सरकारचाच नियम. डिंक्या आणणाऱ्या, मुळं सडवणाऱ्या फायटोप्थोरा या रोगजंतूला ती मातीतच वेढून खाते. आमच्या पंचेचाळीस अंशांत, युरियाच्या थप्पीशेजारी ती जगेल कशी?

संत्र्याचं तर मातीतल्या अशा जिवांवाचून भागतच नाही. त्याच्या मुळांना केसमुळ्या फार थोड्या. मायकोरायझा बुरशी मुळात शिरते, आपले धागे दूरवर पसरून स्फुरद (फॉस्फरस) आणि जस्त आणते. बदल्यात झाड तिला पानांत केलेली साखर देतं. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत टाकलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो. तो मोकळा करायला मातीतले जिवाणू मदत करतात.

आणि माती तपासून तुम्ही देता ती मृदा आरोग्यपत्रिका? २०१५ पासून १२ रकाने. सामू (पीएच) आहे, बोरॉन आहे, सेंद्रिय कर्बही आहे. त्या कर्बावर जगणाऱ्या जिवांचा रकाना नाही.

वडिलांनी लावलेली झाडं मी स्वतः कुऱ्हाडीनं पाडली. बायको त्या दिवशी वावरात आली नाही. पोरीची फी व्यापाऱ्याकडून उचल घेऊन भरली, बहार त्याच्याच नावे लिहून दिला. बहार आला नाही तर मी त्याला काय देऊ?

युरियाच्या अनुदानावर देशात वर्षाला लाख कोटींच्या वर खर्च होतो. मग जिवंत पाकिटं थंड ठेवायला पैसा का नसतो? नागपूरच्या अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, माती सर्वेक्षणाचा ब्यूरोही आहे. तिथलं ज्ञान आमच्या बांधापर्यंत येताना मरतं. हिवाळी अधिवेशनात तुम्ही नागपुरात असता आणि आमचा मोर्चा टेकडी रोडवरच अडवला जातो. विदर्भाला न्याय्य वाटा देऊ म्हणणाऱ्या १९५३च्या नागपूर करारानं आम्हाला एवढंच दिलं का?

विकण्याआधी प्रत्येक खेपेतले जिवंत बीजाणू मोजा आणि आकडा पाकिटावर छापा. तारखेवर चिठ्ठी डकवणाऱ्यावर गुन्हा नोंदवा. मातीतल्या जिवांचा रकाना पत्रिकेत घाला. अधिवेशनाआधी लेखी उत्तर द्या.

आपला,
एक संत्रा उत्पादक, नागपूर जिल्हा