तानपुऱ्यांची जोडी घेऊन ये

पुणे,
नोव्हेंबर

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र परवा पोहोचले. यंदा सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, आपल्या सवाईला, येणार नाही, आणि यापुढे कोणत्याच जाहीर मैफलीला पाय ठेवणार नाही, असे तू लिहिले आहेस. घरी तानपुरा जुळवून चार ध्वनिमुद्रिका ऐकल्या की आपले समाधान होते, असेही पुढे म्हटले आहेस. तुझा हा निर्णय फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळीच झाला असणार, हे मला ठाऊक आहे, कारण ती संध्याकाळ मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसून सोसली आहे. तुझ्या तक्रारीतले एकही वाक्य मी खोडणार नाही. मात्र त्या तक्रारीतून तू जो निष्कर्ष काढला आहेस तो मला मान्य नाही, आणि म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

त्या दिवशी तू मिरजेहून सहा तास प्रवास करून आला होतास. कार्यक्रम साडेसहाला सुरू व्हायचा होता, पण दीपप्रज्वलन, प्रायोजकांचे सत्कार आणि तीन भाषणे यांत साडेसात वाजून गेले. गायकाच्या वाट्याला जेमतेम पन्नास मिनिटे उरली, आणि त्याने मारवा राग काढला तेव्हा तू माझ्या हातावर हात ठेवलास, तो आनंदाने ठेवला होतास. पुढच्या दहा मिनिटांत तोच हात तू काढून घेतलास. मागे बसलेल्या शिष्याची बोटे तानपुऱ्याच्या तारांवरून फिरताना दिसत होती, पण सभागृहात तानपुरा ऐकूच येत नव्हता. गायकाने तीन वेळा खूण करून तानपुरा वाढवायला सांगितले. तिसऱ्या वेळी ध्वनिक्षेपकाने अशी किंचाळी मारली की पुढच्या रांगेतले लहान मूल रडू लागले, आणि त्यानंतर गायकाने पुन्हा काही मागितले नाही.

मध्यंतरात तू बाहेर पायऱ्यांवर उभा राहून जे बोललास ते माझ्या मनातून गेलेले नाही. मारव्यात गायक षड्ज, म्हणजे मूळचा सा, टाळत राहतो, कोमल रिषभावर रेंगाळतो, धैवतावर थांबतो, घरी परतायचे मनात असूनही उंबऱ्याबाहेरच घुटमळतो. पण तो जे घर टाळतो आहे ते तानपुऱ्यात सतत उभे असले पाहिजे, तरच टाळल्याचे दुःख कळते. तानपुरा बुजला की मारवा मारवा राहत नाही, नुसते बेघर सूर उरतात. हे तू इतक्या नेमक्या शब्दांत सांगितलेस की शेजारी चहा पीत उभे असलेले एक अनोळखी गृहस्थ कप खाली ठेवून ऐकू लागले. गायकाचा त्यात काही दोष नव्हता, त्याचा आवाज लागला होता. दोष एवढाच होता की सभागृहात सहाशे खुर्च्या असूनही गाणे ऐकण्याची सोय कोणी केली नव्हती.

असे प्रसंग आपल्या वाट्याला पुष्कळ आले आहेत. आलाप मंद्रात उतरत असताना मागून वाजलेला मोबाइल, समोरच्याने उंच धरलेला आणि तासभर डोळ्यांत प्रकाश ओतणारा पडदा, मैफलीच्या शेवटची भैरवी सुरू होताच वाहनतळातून गाडी आधी काढता यावी म्हणून उठणारी माणसे. भैरवीला उठणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. इतर गोष्टी अज्ञानाने होतात, ही मात्र समजून-उमजून केली जाते.

आता दुसरी बाजू सांगतो. ती तूही पाहिलेली आहेस, पण पत्रात तिचा उल्लेखही केला नाहीस, म्हणून आठवण करून देणे मला भाग आहे.

नव्वदच्या दशकातल्या, रमणबाग शाळेच्या मैदानावरच्या सवाईच्या त्या रात्री तुला आठवत असतील. सवाई गंधर्व 1952 साली गेले आणि 1953 पासून भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला, हे आपल्याला आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले होते. आपण मात्र तिथे गेलो ते केवळ रात्रभर घराबाहेर राहण्याची परवानगी मिळते म्हणून. पहिल्या वर्षी आपण भारतीय बैठकीत अगदी मागे, शाल पांघरून बसलो होतो. मध्यरात्रीनंतर माणसे पेंगू लागली, काही जण सतरंजीवरच आडवे झाले, तीनच्या सुमारास आपण चहा घेऊन आलो तेव्हा मैदानावर दव पडले होते आणि पायाखालची सतरंजी ओलसर लागत होती. मग उजाडता उजाडता भीमसेनजी आले. तानपुरे जुळायला वेळ लागला, कारण थंडीत बाहेर थांबलेली वाद्ये मंचावरच्या दिव्यांच्या उबेत आली की तारा उतरतात, हे तेव्हा आपल्याला माहीत नव्हते. मागे बसलेला एक तरुण शिष्य घोडीवरचा जवारीचा दोरा, म्हणजे तारेखालचा झंकार खुलवणारा बारीक धागा, नखाने केसभर पुढे सारी, तार छेडी, मान हलवी, पुन्हा केसभर मागे घेई. पाच-सहा वेळा असे झाल्यावर एकदम ती तार बोलू लागली. एका तारेतून अनेक सूर उमलावेत तसे काहीतरी झाले, आणि झोपलेली माणसे कोणी न उठवता उठून बसली. तू माझ्याकडे वळून विचारलेस, “त्याने काय केले?” तुझे पुढचे सगळे आयुष्य त्या एका प्रश्नातून निघाले. हे तू विसरलास तरी मी विसरणार नाही.

त्यानंतर भीमसेनजींनी सकाळची तोडी गायली. तिचे वर्णन मी करणार नाही. विलंबित एकतालाचे एक आवर्तन चांगले पाऊण मिनिट चालते आणि तेवढा वेळ हजारो माणसे एकाच समेची, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहत श्वास धरून बसू शकतात, हे मला त्या सकाळी प्रथम कळले. सम आली तेव्हा जो “अहाहा” उठला तो मी कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत ऐकलेला नाही. टाळ्यांचा आवाज यंत्र टिपते. शेजारच्या माणसाने सोडलेला श्वास ते टिपत नाही, आणि मला तोच ऐकायचा असतो.

ध्वनिमुद्रिकांविरुद्ध माझी तक्रार नाही. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांमुळेच. सवाईच्या शेवटी सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवी लावतात तेव्हा माझे डोळे दरवर्षी भरून येतात, आणि तीही ध्वनिमुद्रिकाच असते. पण ती आम्ही एकत्र बसून, उभा उत्सव ऐकून झाल्यावर ऐकतो. घरी तीच भैरवी मी अनेकदा लावून पाहिली आहे. ती सुंदरच वाटते, पण घशात आवंढा येत नाही.

तुझ्या पत्रातली एक ओळ मात्र मला खरोखर लागली. “आता ललत कोणी कुठे ऐकायचा?” असे तू लिहिले आहेस. हे दुःख माझेही आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी आली, 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने ती पक्की केली, आणि उघड्या मैदानावरच्या रात्रभराच्या मैफली संपल्या. सणासमारंभासाठी वर्षातून मोजके दिवस बारापर्यंतची सवलत मिळते, तेवढीच. नियम वाईट आहे असे मी म्हणणार नाही. इस्पितळात पडलेल्या माणसाला झोप हवी, परीक्षेच्या मुलांना शांतता हवी, आणि ध्वनिवर्धकांच्या ज्या कर्णकर्कश भिंतींसाठी हा नियम झाला त्यांचा त्रास आपण दोघांनीही भोगला आहे. पण त्या सरसकट नियमाखाली, ठराविक वेळीच गायच्या रागांचे अर्धे घड्याळ बुडाले. संध्याकाळचे राग उरले. पूरिया, मारवा, यमन यांची गर्दी झाली. दरबारी आणि मालकंस घाईघाईने, वेळेच्या आधी उरकले जाऊ लागले. सकाळच्या रागांना दिवाळी पहाटेने थोडासा आसरा दिला, तोही सहानंतर. रात्र आणि पहाट यांच्या सांध्यावरचा ललत मात्र कुठेच बसला नाही. दुपारी चार वाजता, पत्र्याखाली, पंख्याच्या वाऱ्यात मी ललत ऐकला आहे. सूर सगळे बरोबर होते, दोन्ही मध्यम जिथल्या तिथे होते, आणि तरीही काहीतरी फार अवेळी होत असल्यासारखे मन कानकोंडे होऊन गेले.

मग मी असा विचार करू लागलो की बंदी ध्वनिवर्धकाला आहे, गाण्याला नाही. आपण गाण्याची आणि ध्वनिवर्धकाची इतकी गाठ मारून टाकली आहे की एकाशिवाय दुसरे असू शकते हेच विसरलो आहोत. तुझ्या गावात, मीरासाहेबांच्या दर्ग्यात, चिंचेच्या झाडाखाली खाँसाहेब गात असत तेव्हा त्यांच्यापुढे कोणते यंत्र होते? आजही उरुसात तिथे मोठमोठे कलावंत बिदागी न घेता हजेरी लावतात, आणि तू मला पहिल्यांदा तिथे नेलेस तेव्हा तिकीट नाही, राखीव रांग नाही, कोण कुणाच्या पुढे बसला याचा हिशेब नाही, हे पाहून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माझ्या डाव्या हाताला एक म्हातारे तंतुवाद्य कारागीर बसले होते. त्यांच्या बोटांना पॉलिशचा वास येत होता, आणि गायकाचा षड्ज लागताच त्यांनी मान डोलावली नाही, फक्त डोळे मिटले. अशी दाद मला पुण्यात फार क्वचित दिसते.

तर मुद्द्यावर येतो. आमच्या पेठेतल्या जुन्या वाड्याचे माजघर तू पाहिले आहेस. दाटीवाटीने चाळीस माणसे बसतात. वर तुळया आहेत, भिंती मातीच्या आहेत, आणि बोललेला शब्द कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पोहोचतो. जानेवारीतल्या एका शनिवारी तिथे रात्रभराची बैठक करायचे मी ठरवले आहे. ध्वनिक्षेपक नाही, मंच नाही, सत्कार नाही, भाषण नाही. मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायचे. एक तरुण गायिका आहे, तिचे नाव अजून फारसे कोणाला माहीत नाही, पण तिचा खर्ज ऐकलास तर तू मला दुवा देशील. तिला मी रात्री अकराला बसवणार आहे आणि घड्याळाकडे पाहू नकोस असे सांगणार आहे. बिदागी आम्ही सगळे मिळून घालतो, ती आधीच पाकिटात घालून ठेवली आहे, कारण कलावंताला पहाटेपर्यंत गाऊन मग पैशांसाठी ताटकळत उभे राहावे लागणे मला अत्यंत लाजिरवाणे वाटते. शेजाऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगून आलो. वरच्या मजल्यावरच्या आजींनी तर विचारले की आम्ही खाली आलो तर चालेल का.

कदाचित ही बैठक रंगणार नाही. तिचा घसा त्या दिवशी धरलेला असेल, तबलजीशी जमणार नाही, दोनच्या पुढे निम्मी माणसे भिंतीला टेकून घोरू लागतील. हे सगळे होऊ शकते आणि पूर्वी झालेलेही आहे. रमणबागेतही आपण ज्या रात्री आठवतो त्यांच्या आगेमागे किती फिक्या रात्री गेल्या, हे तू प्रामाणिकपणे मोजून पाहा. त्या फिक्या रात्रींना आपण उठून गेलो असतो तर ती तोडी आपल्याला कोणी घरपोच आणून दिली नसती.

तुझ्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. तुझी ती जुनी जोडी घेऊन ये. मिरजेच्या तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा तू फोनवर किती आनंदाने बोलला होतास! पण ज्या जोडीबद्दल बोलत होतास ती दोन वर्षे तुझ्या कपाटावर गवसणीत झोपली आहे. भोपळ्यांना प्रवासात धक्का लागेल ही तुझी काळजी मला समजते. कोयना एक्स्प्रेसची तुझी आणि जोडीची मिळून तीन आसने मी आरक्षित करतो, दोन जुन्या रजया तुझ्याकडे आहेतच, आणि स्टेशनवर मी स्वतः येईन. एक तानपुरा मी उचलीन, दुसऱ्याला हात लावणार नाही.

गायिकेची पट्टी, म्हणजे तिचा सा, पेटीवरची काळी पाच आहे, तेव्हा तारा त्या हिशेबाने पाहून ठेव. इथे वातावरण कोरडे आहे, जवारीचा दोरा थोडा जास्तच घेऊन ये. पहाटे साडेचारच्या सुमारास मध्येच चहा होईल, तेव्हा ललतासाठी पहिली तार पंचमावरून शुद्ध मध्यमावर उतरवायची आहे. ते काम दुसऱ्या कोणाच्या हातात मी देणार नाही.

वहिनींना नमस्कार. त्यांनाही घेऊन आलास तर सगळ्यांनाच आनंद होईल.

तुझा,
पुण्याचा मित्र