जॉइनिंग फॉर्म मोबाइलवर आणताना

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

नवा कामगार रुजू होताना भरतो तो कारखान्याचा जॉइनिंग फॉर्म मोबाइलवर आणायचं काम तुझ्याकडे आलं, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहितो.

चार पानांचा फॉर्म तीस स्क्रीनवर पसरला म्हणून तो सोपा होत नाही. ज्याला जे लागू नाही ते त्याला विचारलंच नाही, तर सोपा होतो. म्हणून कॉम्प्युटरला हात लावण्याआधी छापील फॉर्म टेबलावर पसर आणि प्रत्येक रकान्यासमोर पेन्सिलीने लिही: उत्तर कोणत्या कागदावर सापडतं, कोणाला लागू आहे, आणि पुढे ते कोण वापरतं. कोणीच वापरत नाही असे रकाने कारखान्याच्या स्वतःच्या फॉर्ममध्ये हमखास निघतील. ते वरिष्ठांना दाखवून काढून टाक. पीएफचा फॉर्म ११, म्हणजे आधीच्या पीएफबद्दल कामगाराने द्यायचं निवेदन, मात्र ठरलेला नमुना आहे, त्यातलं काही गाळता येत नाही. तिथे प्रश्न आपल्या भाषेत विचार आणि शेवटी छापून येणारा कागद मूळ नमुन्याबरहुकूम येऊ दे.

खरी गोम या फॉर्म ११ मध्येच आहे. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेचे आणि १९९५ च्या पेन्शन योजनेचे पूर्वी सभासद होता का, असं तो विचारतो. फाउंड्रीत कंत्राटदाराकडे राबलेल्या माणसाला यातलं काय कळणार? तू विचार, ‘याआधी कुठे कामाला होता का?’ ‘नाही’ आलं, की जुना यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर), जुना पीएफ खाते क्रमांक, नोकरी सोडल्याची तारीख, स्कीम सर्टिफिकेट (आधीच्या नोकरीचा पेन्शनसाठीचा दाखला) हे सगळं गाळून पुढे जा. ‘हो’ आलं तर, ‘तिथे पगारातून पीएफ कापत होते का?’ आणि इथे ‘हो’, ‘नाही’ यांच्या जोडीला ‘माहीत नाही’ हे तिसरं बटण ठेवच. ते नसेल तर माणूस अंदाजाने ‘नाही’ दाबतो. त्यातून दुसरा यूएएन निघाला, की जुने पैसे जुन्या नंबरावर अडकून राहतात आणि नोकरीची वर्षं दोन तुकड्यांत मोडतात. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, तेव्हा हे नुकसान थोडंथोडकं नाही. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याचा फॉर्म अडवू नकोस. बाकीचा भरून घे आणि तेवढा मुद्दा टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी आणि कामगारांच्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या, यादीत टाक. आधार आणि मोबाइल नंबरवरून जुना यूएएन शोधायचं काम त्यांनी करावं.

नावासाठी एकच रकाना ठेव: ‘आधारवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर.’ आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी, कुठे बापाच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. पहिलं, मधलं, शेवटचं असे तीन रकाने केलेस की घोटाळा झालाच म्हणून समज. पीएफचं नाव आधारशी जुळलं नाही तर पैसे काढायच्या वेळी अर्ज परत येतो.

पत्त्यात आधी पिन विचार आणि त्यावरून राज्य, जिल्हा भर. यादीत कर्नाटक आधीच निवडून ठेवलंस तर चंदगडहून येणारा कामगार घाईत तसंच पुढे जाईल, आणि त्याचा तालुका तर कोल्हापूर जिल्ह्यात. बेळगाव जिल्ह्याचे पिन ५९० नाही तर ५९१ ने सुरू होतात, चंदगडकडचे ४१६ ने.

आकड्यांची तपासणी जागच्या जागी हवी. शेवटी एकदम दहा लाल ओळी दाखवल्या की माणूस मोबाइल बाजूला ठेवतो. आधार आणि यूएएन दोन्ही बारा आकडी, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा पडतो आणि नुसते आकडे मोजून चूक सापडत नाही. आधार ० किंवा १ ने कधी सुरू होत नाही, एवढं तपासलंस तरी १ ने सुरू होणारा यूएएन तिथे पकडला जाईल. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, अकरा अक्षरी, त्यातलं पाचवं नेहमी शून्य. लोक तिथे इंग्रजी ओ टाकतात. तो तूच शून्य करून घे. चूक दाखवताना ‘अवैध नोंद’ लिहू नकोस, ‘पासबुकाच्या पहिल्या पानावरचा अकरा अक्षरी कोड पुन्हा बघा’ असं लिही.

एका स्क्रीनवर एकच प्रश्न, हा नियम फार ताणू नकोस. खाते क्रमांक आणि आयएफएससी एकाच पासबुकात असतात, तर एकाच स्क्रीनवर विचार. कागद हातात आहे तोवर त्याचं सगळं उरकावं. आणि सुरुवातीलाच सांग, आधार, पॅन, पासबुक आणि जुनी पगाराची स्लिप असली तर ती जवळ घेऊन बसा.

नॉमिनेशनचा, म्हणजे माघारी पैसे कोणाला द्यायचे त्याचा, भाग सगळ्यात जपून कर. वारस एकाहून जास्त असतील तर हिश्श्यांची बेरीज शंभर टक्के भरली पाहिजे. उरलेले किती, ते स्क्रीनवर दिसत राहू दे. वारस अठरा वर्षांखालचा असेल तरच पालकाचं नाव विचार. पीएफमध्ये लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द धरतात. म्हणून अविवाहित कामगाराच्या नोंदीवर खूण ठेव, म्हणजे लग्नाची रजा मागितली की टाइम ऑफिस त्याच्याकडून नवीन भरून घेईल. विधवेला हेलपाटे पडतात ते बहुतेक याच एका रकान्यापायी, बाळा.

प्रश्नांना असे फाटे फुटले की एक चूक लपून बसते. कोणी आधी ‘विवाहित’ दाबून बायकोचं नाव लिहिलं आणि मग मागे जाऊन ‘अविवाहित’ केलं, तर ते नाव स्क्रीनवरून जातं पण आत साठून राहतं आणि छापील कागदावर उमटतं. वरचं उत्तर बदललं की त्याखालची सगळी उत्तरं पुसली गेली पाहिजेत. ‘२० पैकी पायरी ४’ असंही दाखवू नकोस, कारण प्रत्येकाच्या पायऱ्या वेगळ्या. ‘ओळख, जुनी नोकरी, बँक, वारस’ अशी नावं दाखव. आणि मध्येच शिफ्टचा भोंगा झाला तर भरलेलं तसंच राहू दे.

भाषा पहिल्याच स्क्रीनवर निवडू दे: मराठी, कन्नड, इंग्रजी. कन्नड प्रश्न कन्नड घरात वाढलेल्या माणसाकडून लिहून घे, मराठीवरून शब्दाला शब्द लावून नको. आकडे मराठीत टाकले तरी चालले पाहिजेत.

तयार झालं की उद्यमबागेत मशीन शॉपमधल्या चारपाच जणांच्या हातात दे आणि शेजारी गप्प बस. बोट कुठे थांबतं, कुठे ते तुझ्याकडे बघतात, तेवढं टिपून घे. ते थांबले तो प्रश्न बदल, त्यांना समजावत बसू नकोस. शेवटी सगळी उत्तरं एका पानावर दाखवून मगच प्रिंट काढ. फॉर्म ११ वर कामगाराची सही आणि कारखान्याचा दाखला दोन्ही लागतात.

फाट्यांचा आराखडा कागदावर काढलास की फोटो पाठव, मी तपासून देतो.

तुझे,
बाबा