निदान 'साभार परत' तरी पाठवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळी अंकासाठी साहित्य पाठवा असं आवाहन आलंय, कथा इतक्या शब्दांची, कविता दोनच, युनिकोडमध्ये टाईप केलेलं, सोबत फोटो आणि चार ओळींचा परिचय. ते वाचलं आणि लगेच हे पत्र लिहायला बसले. त्या आवाहनात लिहिणाऱ्याने काय काय करायचं ते सगळं आहे, पण त्याने पाठवल्यावर तुमच्याकडून त्याला काय येणार याबद्दल एक शब्द नाही. हे फक्त तुमच्या पेपरचं नाही हो, बहुतेक सगळीकडे असंच असतं, पण तुम्ही वाचकांची पत्रं मनापासून छापता म्हणून तुम्हालाच लिहितेय.

मी इंदूरचीच, रामबागेत वाढले, आता सुदामा नगरला राहते, बँकेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली. कथा लिहिते. फार नाही, वर्षाला तीन-चार, पण एकेक कथा चार चार वेळा लिहून काढते. आमच्या इथे टायपिंगवाल्यांकडे हिंदीचे फॉन्ट, त्यात 'ळ' शोधत बसावं लागतं आणि 'दुसऱ्या' मधला तो अर्धा र तर नीट येतच नाही, म्हणून साठीच्या तोंडावर मी स्वतः मोबाईलवर मराठी टाईप करायला शिकले, कारण सगळे अंक तेच मागतात. शिकले ते चांगलंच झालं. पण इतकं करून मेल पाठवायचा आणि मग जून जातो, जुलै जातो, गणपती येऊन जातात, नवरात्र बसतं तरी पलीकडून हूं नाही की चूं नाही. कथा मिळाली का, कोणी वाचली का, नाही आवडली का, काही म्हणजे काही कळत नाही. दुसरीकडे पाठवावी तर दोन्हीकडे छापून आली म्हणजे आपलंच नाव खराब, आणि थांबावं तर अख्खं वर्ष हातातून जातं.

तीन वर्षांपूर्वीचं सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. महाराष्ट्रातल्या एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती, अंकाचं नाव घेत नाही. त्यावेळी उत्तर आलं, कथा घेतोय, चित्र असेल तर पाठवा, आमच्याकडे यंदा चित्रकार नाही. माझी भाची (माझ्या भावाची मुलगी) फाईन आर्ट शिकलीय, तिने दोन रात्री जागून रेखाचित्र काढलं. आजी ओसरीवर बसून अळूच्या पानाला बेसन लावतेय असं. पान इतकं निगुतीने काढलेलं की त्याच्या शिरा मोजून घ्याव्यात, नऊवारीचा पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचलेला, बोटांना पीठ, आणि खाली उजव्या कोपऱ्यात तिची छोटीशी सही. नीट स्कॅन करून मोठी फाईल पाठवली, पोच म्हणून एक अंगठा आला व्हॉट्सॲपवर. बस. त्यानंतर काही नाही. भाऊबीजेच्या दिवशी पुण्याहून मावसबहिणीचा फोटो आला, अगं तुझी कथा आलीय! अंक आम्हाला कोणी पाठवलाच नव्हता, आम्ही पैसे भरून कुरियरने मागवला.

अंक आला, भाचीने ते पान उघडलं आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, आत्या, आजी डावखुरी नव्हती गं. मी चष्मा लावून पाहिलं. चित्र उलटं केलं होतं, आरशात दिसतं तसं. पानाच्या मांडणीत आजीचं तोंड मजकुराकडे हवं होतं असेल, केलं असेल कोणीतरी एक बटण दाबून. पण त्यामुळे आजी डाव्या हाताने पानाला पीठ लावत होती आणि नऊवारीचा पदर उजव्या खांद्यावर गेला होता, आपल्याकडे कुठली बाई असा पदर घेते? आणि सही होती तो कोपरा कापून टाकलेला. खाली नाव नाही, अनुक्रमणिकेत नाव नाही, श्रेयनामावलीत नाही, कुठेच नाही. माझं नाव मात्र ठळक अक्षरात. त्या दिवशी मला माझीच कथा बघवेना. मानधनाचं विचारायला मी तीन मेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही, चौथा करायची लाज वाटली. लाज मला का वाटावी हा विचार आता येतो, तेव्हा नाही आला.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, कविता करायचे. तेव्हा कवितेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवायची पद्धत होती. नापसंत झाली की त्याच पाकिटातून परत यायची, सोबत छापील चिठ्ठी, 'साभार परत'. आम्ही मुलं त्या पाकिटाचा रंग बघूनच समजायचो. पण दादा कधी चिडले नाहीत, म्हणायचे परत आली म्हणजे कोणीतरी उघडून वाचली ना. एकदा तर चिठ्ठीच्या मागे निळ्या शाईत हाताने दोन ओळी होत्या, शेवटचं कडवं परत बघा, तिथे घाई झालीय. दादांनी ते कडवं पंधरा दिवस घासलं, परत पाठवलं, आणि ती कविता छापून आली. पंधरा रुपयांची मनीऑर्डर घेऊन पोस्टमन ओट्यावर आला तेव्हा शेजारचे सगळे बाहेर. पैसे कधीच खर्च झाले, पण मनीऑर्डरचं ते कुपन, ज्यावर 'कवितेचे मानधन' असं लिहिलंय, ते त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, ते आज माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

मराठीत हे सगळं नवीन थोडंच आहे. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली, तेव्हापासून दिवाळी म्हटलं की फराळ आणि अंक. 'सत्यकथा' मासिक १९८२ मध्ये बंद झालं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाच्या कथेवरही किती बारकाईने काम करायचे ते जुनी माणसं अजून सांगतात. आणि चित्राचं म्हणाल तर दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ बघून लोक अंक विकत घ्यायचे, आधी कव्हर बघायचं आणि मग आत कोण आहे ते. आज त्याच मराठी अंकात चित्र काढणाऱ्याचं नाव घालायला जागा नसते हे मला समजत नाही.

आणि हे मी इंदूरहून लिहितेय म्हणून जास्त टोचतं. ज्या गावात देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली मुलं चित्रकला शिकली, जिथे १९१० साली चित्रकार ना. श्री. बेंद्रे जन्मले आणि इथूनच शिकून पुढे बडोद्याला जाऊन त्यांनी मुलं घडवली, जिथे चित्रकार मकबूल फिदा हुसेनही काही काळ शिकले, जिथे विष्णू चिंचाळकर गुरुजी टाकून दिलेल्या वस्तूंतून, वाळक्या पानांतून चित्र उभं करायचे, त्या गावातल्या पोरीच्या चित्राची सही कापली जाते. लिहिणाऱ्यांचंही तसंच. साहित्य संमेलन इथे १९१७ ला झालं, १९३५ ला झालं, २००१ ला विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या तेव्हा मी स्वतः मांडवात होते. कवी शरच्चंद्र मुक्तिबोध इथलेच. तरी अजून फोनवर विचारतात, इंदूरला मराठी लोक असतात का हो? म्हणजे हे कुठले लांबचे, यांना कोण विचारतंय असा काही भाव मनात असतो की काय कोण जाणे.

माझ्या नणंदेचा मुलगा इथे हायकोर्टात वकिली करतो. त्याला ते पान दाखवलं, त्याने मला जे समजावलं ते मी सगळ्या लिहिणाऱ्यांसाठी इथे लिहिते, कारण मला स्वतःला पासष्टीपर्यंत माहीत नव्हतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याप्रमाणे पेपरचा पगारी माणूस असेल तर गोष्ट वेगळी, पण आपण बाहेरून आपणहून कथा किंवा चित्र पाठवलं तर त्याचा हक्क आपलाच राहतो, अंकात छापलं म्हणून तो अंकवाल्यांचा होत नाही. हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, सही करून, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. आणि हक्क विकून टाकला तरी हे माझं आहे असं सांगायचा अधिकार लेखकाकडे, चित्रकाराकडे राहतोच, कलम ५७. आणि कॉपीराइटचा हक्क माणूस गेल्यावरही साठ वर्षं चालतो. दलाल १९७१ ला गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत त्यांची चित्रंसुद्धा कोणीही नेटवरून उचलून आपल्या अंकात घालावीत असं नाही. केस वगैरे आम्ही केली नाही, करणारही नाही, दोनशे रुपयांच्या चित्रासाठी कोण कोर्टात जातं. पण माहीत असलं की माणूस ताठ मानेने विचारू तरी शकतो.

संपादकांची अडचण मला कळत नाही असं नाही. आमच्या मंडळाची स्मरणिका मी दोन वर्षं काढलीय, जाहिरातींसाठी राजवाड्यापासून छप्पन दुकानापर्यंत दारोदार हिंडलेय, कागदाचा भाव ऐकून घरी येऊन डोकं धरून बसलेय. लहान अंक एकटा माणूस पदराला खार लावून काढतो, तो मानधन कुठून देणार, आणि अशा अंकांना मी आजही आनंदाने फुकट लिहिते, कारण ते आधी सांगतात, ताई, पैसे नाहीत हो आमच्याकडे, अंक मात्र नक्की पाठवू. आणि पाठवतात. माझं भांडण त्यांच्याशी अजिबात नाही. ज्यांच्याकडे पानोपानी रंगीत जाहिराती आहेत, छापखान्याला, बाइंडरला, टेम्पोवाल्याला पैसे मिळतात, आणि ज्याच्या मजकुरावर अंक उभा आहे त्यालाच फक्त म्हणतात तुम्हाला प्रसिद्धी मिळतेय की, त्यांच्याशी आहे. आता तर काही ठिकाणी चित्रकार नको म्हणून एआयकडून चित्र काढून घेतात, त्यात बाईची नऊवारी कशी नेसलीय ते बघून डोळ्यात पाणी येतं.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या आवाहनाच्या खाली चार ओळी वाढवा. अमुक तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवू. मानधन किती, किंवा नाही, ते स्वीकारतानाच सांगू. चित्रकाराचं नाव चित्राखाली आणि अनुक्रमणिकेत छापू, आणि चित्रात काही बदलायचं तर आधी विचारू. आणि अंक पाठवू. हे शेवटचं तुम्हाला बारीकसं वाटेल, पण पुण्या-मुंबईच्या लेखकाला नाक्यावर अंक बघायला मिळतो, इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या माणसाने कुठे बघायचा? १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टसुद्धा स्पीड पोस्टात गेलंय, खर्च होतो हे खरं, मग पोस्टेज आमच्याकडून घ्या, आम्ही देऊ, निदान पीडीएफ तरी पाठवा. आणि 'नाही' म्हणायला संकोच नको. एक मेल तयार करून ठेवला आणि सगळ्या नापसंतांना एकदम पाठवला तरी चालेल, वाईट वाटेल, संध्याकाळपर्यंत जाईल, दुसऱ्या दिवशी ती कथा दुसरीकडे पाठवता येईल.

भाचीने मधली दोन वर्षं कुठेच चित्र दिलं नाही, मी म्हटलं तरी विषय बदलायची. यंदा माझ्या कथेसाठी तिने परत काढलंय, पोह्याची कढई ढवळणारी बाई. कोपऱ्यात सही दिसली नाही म्हणून मी विचारलं, तर तिने बोट ठेवून दाखवली. पदराच्या निऱ्यांमध्ये, रेघांतच मिसळून, अशी की बाईला कापल्याशिवाय ती कापता येणार नाही. ते चित्र कथेसोबत या आठवड्यात तुम्हाला मेल करतेय.

आपली,
एक जुनी वाचक
सुदामा नगर, इंदूर