सरासरी भाड्याच्या घरात राहतं कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत राज्यातल्या फ्लॅटच्या सरासरी भाड्यावर पानभर मजकूर आला होता. सोबतचा रंगीत नकाशा देखणा होता. पण भाडेकरार नोंदवून देणं हा माझा गेल्या दहा वर्षांचा धंदा आहे, त्यामुळे ते पान वाचताना स्वयंपाक्याने मासिकातली पाककृती वाचावी तसं माझं झालं. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र सॅकमध्ये टाकून मी नाशिकभर घरोघर फिरतो. दिवसाला दोन-तीन करार, जूनमध्ये दुप्पट.

मागच्या महिन्यात पाथर्डी फाट्याजवळच्या एका टू बीएचकेचा करार होता. वेबसाइटवर जाहिरात अठरा हजारांची. मालकीण सत्तरीच्या आजी. त्यांचा अंगठा काही केल्या यंत्र घेईना. "भांडी घासून रेषा गेल्यात रे बाबा," म्हणाल्या. डावा झाला, उजवा झाला, मग एकेक बोट. तेवढ्या वेळात भाडेकरूच्या बायकोने बाथरूममध्ये जाऊन गिझर लावून पाहिला, तो बंद. मागोमाग भिंतीच्या ओलीचा विषय निघाला, आणि चहा येईपर्यंत अठराचे साडेपंधरा झाले. मी निमूटपणे सगळी एंट्री पुन्हा केली. त्या घराचं खरं भाडं साडेपंधरा हजार. जाहिरात मात्र परवापर्यंत अठराचीच होती, आणि असेच आकडे गोळा करून सरासरी निघते.

उलटंही होतं. पुण्यात वाकडला हेच काम करणारा माझा मित्र सांगतो, तीस मागितलेल्या घरासाठी एकाच संध्याकाळी तीन कुटुंबं दारात उभी राहतात आणि घर बत्तीसला जातं. म्हणजे मागितलेलं भाडं आणि ठरलेलं भाडं यांतला फरकही सगळीकडे एका दिशेचा नाही. शिवाय घर तेच, पण नोकरी करणारी तीन मुलं राहणार म्हटलं की मालक दोन हजार वाढवून सांगतो. दोन हजार जास्त मिळाले की 'फॅमिली ओन्ली'चा बोर्ड खाली उतरतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

आता राज्याची सरासरी. वांद्र्याचं एक लाखाचं घर आणि जालन्याचं सहा हजारांचं घर एकत्र केलं तर त्रेपन्न हजार येतात. हे भाडं ना वांद्र्यात चालतं, ना जालन्यात. आणि भाडं वाढायची कारणंही गावागणिक वेगळी. लातूरला 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी मुलं येतात, मागोमाग आई येते, दोन वर्षांसाठी वन बीएचके लागतो, आणि जूनमध्ये शिकवण्यांच्या आसपासची घरं चढ्या भावाने जातात. मुलुंड-घाटकोपरला जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या की शंभर-शंभर कुटुंबं एकदम घर शोधायला निघतात, तीही त्याच परिसरात, कारण शाळा आणि डॉक्टर तिथलेच. त्यांचं भाडं बिल्डर देतो, म्हणून घासाघीस कमी. त्याचा फटका शेजारच्या इमारतीत आधीपासून भाड्याने राहणाऱ्याला बसतो. पुण्यात कोरोनानंतर कंपन्यांनी माणसं परत ऑफिसात बोलावल्यावर हिंजवडी-खराडीत भाडी कशी चढली ते सर्वांनी पाहिलंच आहे.

एका गोष्टीकडे मात्र त्या पानाचं लक्षच गेलं नाही, ती म्हणजे अकरा महिन्यांचा करार आणि दर नूतनीकरणाला दहा टक्के वाढ. अकरा महिन्यांची ही रीत नोंदणी टाळण्यासाठी पडली, कारण नोंदणी कायदा वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सक्ती करत नाही. महाराष्ट्रात ही पळवाट 2000 सालीच बंद झाली. भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायला देण्याचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी लोक सवयीने अकराच महिने टाकतात आणि दर अकरा महिन्यांनी दहा टक्के चढवतात. वीस हजारांचं भाडं चौथ्या नूतनीकरणाला 29,282 होतं, तेही चार वर्षं पुरी व्हायच्या आत. शिवाय एजंट असेल तर तो दर वेळी पुन्हा हात पुढे करतो. (माझीही फी दर वेळी मिळते, हे कबूल करतो.) करार तीन वर्षांचा करून वाढ त्यातच लिहिता येते, हे मी प्रत्येकाला सांगतो. दहांतले आठ ऐकत नाहीत.

माझं मुख्य म्हणणं मात्र वेगळंच आहे. खरा आकडा सरकारकडे आहे. आम्ही नोंदवतो त्या प्रत्येक करारात गाव, क्षेत्रफळ, भाडं, डिपॉझिट, मुदत, सगळं ठरलेल्या रकान्यांत भरलेलं असतं. नोंदणी व मुद्रांक विभाग घरांच्या किमतींसाठी रेडी रेकनरचे तक्ते गावा-गल्लीसकट प्रसिद्ध करतो. मग त्याच विभागाकडे असलेल्या भाड्यांचा तक्ता का नाही? नावं, पत्ते काहीच नकोत. दर तीन महिन्यांनी प्रभागवार आणि तालुकावार, वन बीएचके, टू बीएचके असा वेगळा, आणि सरासरी नव्हे तर मध्यक. दहावीच्या गणितात आपण शिकलो तोच, रांगेतला मधला आकडा. एखाद्या पेंटहाउसमुळे तो हलत नाही.

करारात खरं भाडं लिहितात कुठे, असं कुणी म्हणेल. काही जण लपवतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? थोडं करारात, थोडं हातात, असे मालक मी पाहिले आहेत. पण ते मुद्रांकासाठी नसतं. वीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिटच्या अकरा महिन्यांच्या कराराला पाव टक्क्याने पाच-सहाशे रुपये मुद्रांक लागतो आणि शहरात हजार रुपये नोंदणी फी. लपवतात ते आयकरासाठी. त्याला जुन्या करप्रणालीतल्या पगारदार भाडेकरूचा विरोध असतो, कारण त्याला घरभाड्याची वजावट पुऱ्या रकमेवर हवी असते. निदान माझ्या करारांत तरी त्यामुळे पुरा आकडा लिहिणारेच जास्त. वेबसाइटवरच्या अठरा हजारांपेक्षा हा आकडा कितीतरी भरवशाचा.

तो तक्ता येईपर्यंत आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. पुढच्या वेळी नकाशा छापाल तेव्हा खाली बारीक टायपात का होईना, एवढं लिहा: भाडं मागितलेलं की ठरलेलं, घरं किती मोजली, आणि किती खोल्यांची. पाथर्डी फाट्याच्या आजींना पुढच्या खेपेला किती मागायचे ते त्यावरून कळेल, आणि समोर बसलेल्यालाही.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक